काटा हलत होता

कॉम्प्रेसरच्या उजव्या कोपऱ्यातलं चौकोनी बटण आत दाबलेलं होतं आणि त्याच्या डोक्यावरचा टाचणीएवढा लाल दिवा लागलेला होता. तिने एका पायातली चप्पल काढली होती, दुसरी अजून पायातच होती, आणि तशीच ती स्टुडिओच्या दारात उभी राहिली. कॉम्प्रेसर चढलेला आवाज दाबून खाली आणतो, पण तो दिवा लागला की आवाज मशीनमधून जात नाही, बाजूने निघून जातो. त्याला बायपास म्हणतात, आणि या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिल्या तासाला तेवढंच शिकवलं जातं. बटण तिनेच दाबलं होतं, परवा, बासरीवाल्याच्या वेळी. वहीत तसं लिहिलेलंही होतं, तिच्याच बारीक, सरळ अक्षरात: बायपास केला. तो सोडल्याची नोंद मात्र कालच्या पानावर नव्हती, कारण तो सोडलाच नव्हता. म्हणजे काल सकाळी दहा ते एक, पूर्ण तीन तास, ती ज्या पाच बटणांना केसाकेसाने फिरवत होती, त्यांचा आवाजाशी काही संबंधच नव्हता. आणि तरी तिने ऐकलं होतं. रेशो, म्हणजे दाबायचं प्रमाण, अर्ध्याने वाढवला तेव्हा आवाज कसा मवाळ झाला, रिलीज, म्हणजे दाब सोडायचा वेळ, जरा लांबवला तेव्हा वाक्यांच्या शेवटी कसा श्वास राहिला, सगळं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. साप साप म्हणून भुई थोपटणारे पुष्कळ असतात. तिने भुई थोपटली होती आणि वर मेलेला सापही पाहिला होता.

तिने दुसरी चप्पल काढली, कारण काहीतरी करायला हवं होतं, आणि खुर्चीत बसून त्या काट्याकडे पाहिलं. गोल काचेतला तो काटा निवांत असतो तेव्हा उजवीकडे, शून्यावर असतो. मशीन आवाज दाबायला लागलं की तो डावीकडे झुकतो, आणि जितकं जास्त दाबलं जातं तितका जास्त झुकतो. हा काटा तिला पहिल्यापासून आवडायचा. बाकीचे काटे किती आलं ते सांगतात, हा किती अडवलं ते सांगतो. पण या मशीनची एक खोड होती: बायपास दाबला तरी काटा हलत राहतो. आपण मध्ये असतो तर किती दाबलं असतं, ते दाखवत राहतो. कामाला हात न लावता "मी असतो ना, तर असं केलं असतं" म्हणणाऱ्या एखाद्या काकांसारखा. काल तीन तास या काकांचं ऐकून ती बटणं फिरवत होती. तिला हसू आलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली, आणि या दोन्हींपैकी आधी कोण आलं हे ठरवायचा तिने सवयीने प्रयत्न केला.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. अकरा वाजता स्टुडिओचे मालक येणार होते. बारा तासांची एक कादंबरी वाचून रेकॉर्ड करायची होती आणि ती कोणी वाचायची, हे आज ठरायचं होतं. अक्कांनी वाचावी अशी तिची फार इच्छा होती. अक्कांना सगळेच अक्का म्हणत. आयुष्यभर रंगभूमीवर काम केलेली बाई, दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, आवाज परत आला पण दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखा. अंतराचा अंदाज चुकायचा. एक वाक्य कानात सांगितल्यासारखं, तर पुढचं शेवटच्या रांगेसाठी. दोन ठिकाणांहून त्यांना गोड बोलून परत पाठवलं होतं. "ऐकणाऱ्याचा हात सारखा आवाजाच्या बटणावर जायला नको," मालकांनी परवाच बजावलं होतं, आणि दुसरी एक तरुण वाचणारी त्यांनी बघूनही ठेवली होती. काल अक्कांनी तेच प्रकरण नऊ वेळा वाचलं, तिने नऊ वेळा बटणं बदलली, आणि नववं वाचन मालकांनी फोनवर ऐकून म्हटलं, "हाच आवाज. ताई, बटणं कुठे कुठे होती ते जसंच्या तसं लिहून ठेवा, म्हणजे सगळी प्रकरणं अशीच येतील. उद्या येऊन पक्कं करतो." तिने लिहूनही ठेवलं होतं. थ्रेशोल्ड उणे अठरा. रेशो चारास एक. खाली सही.

तिने बटण बाहेर काढलं. लाल दिवा गेला. मग कालचं नववं वाचन तिने मशीनमधून, आता खरोखर मशीनमधून, कालच्याच आकड्यांवर जाऊ दिलं. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. आवाज त्याच्या आत असेल तोवर मशीन त्याच्या वाटेला जात नाही. उंबरठा ओलांडून आठ पावलं चढला, तर चारास एकच्या हिशोबाने दोनच पावलं बाहेर पडतात. अक्कांचा आवाज बाहेर पडला तो इस्त्री केलेल्या रुमालासारखा. घडी उत्तम, माणूस नाहीसा. काल हे बटण बाहेर असतं तर मालकांनी तिसऱ्या वाक्याला फोन ठेवला असता.

तेव्हा प्रश्न मालकांचा नव्हताच, कानांचा होता. सतरा वर्षं ती या कानांवर जेवत होती. पदार्थविज्ञान शिकून ती इथे कशी आली असं कोणी विचारलं की ती सांगायची, तिथेही मीटर वाचत होते, इथेही वाचते. पण खरं कारण त्याच्याही आधीचं होतं. वडील एका कारखान्यात घणाच्या यंत्रावर होते आणि तिथून घरी आले तरी यंत्र चालूच असल्यासारखे बोलत, त्यांनी जेवताना मीठ मागितलं तर शेजारचे उठून आणून देतील असं आई म्हणायची, आणि तेही इतक्या हळू म्हणायची की वडील विचारायचे, "काय म्हणाली ही?" ती दोघांच्या मध्ये बसायची. आईचं वाक्य उचलून वडिलांना द्यायचं, वडिलांचं जरा खाली करून आईला. आठव्या वर्षी ती हे काम इतकं सफाईने करायची की पाहुणे हसायचे. वडील म्हणायचे, "हिला मध्ये बसवली की घर शांत." त्या आठवणीत तिला नेहमी ऊब वाटायची, आजही वाटली. पण त्या उबेला आज एक टोक होतं: तेव्हाही ती खरंच काही करत होती का, की ते दोघं तिच्याशिवायही एकमेकांना नीट ऐकत होते आणि ती नुसतीच काटा हलवत होती? आई गेल्यावर वडील चार दिवस कुजबुजत बोलले होते. त्यांना कुजबुजता येतं हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या बाई सांगायच्या, उत्तर आधी माहीत असलं की डोळा लबाडी करतो. म्हणून मापणाऱ्याला उत्तर कळू देऊ नका. ती उठली. बाहेरच्या खोलीत वायरमन शिडीवर चढून एसीचं झाकण काढत होता. साठीकडे झुकलेला, कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस.

"दादा, दहा मिनिटं येता का? कॉम्प्रेसरचं जरा काम आहे."

"कॉम्प्रेसर गेला असला तर गॅस भरावा लागेल," तो वरूनच म्हणाला. "आज नाही व्हायचं ते."

"हा तो नव्हे. हा आवाजाचा."

"आवाजाचाही असतो?" तो खाली उतरला. "कोणाचा आवाज कमी करायचाय?"

तिने त्याला समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून बसेल. त्याने मनाला येईल तसं बटण आत किंवा बाहेर करायचं, कागदावर खूण करायची, आणि "हं" म्हणायचं. ती काय आहे ते ओळखेल. बारा वेळा. बरोबर की चूक, हे त्याने शेवटपर्यंत सांगायचं नाही. वायरमनने कानामागची पेन्सिल काढली आणि एकदम परीक्षकासारखा गंभीर झाला. ती भिंतीवरच्या जाड, राखाडी, भोकाभोकांच्या पत्र्याकडे बघत बसली. स्पीकरमधून अक्का वाचत होत्या आणि मागून दर थोड्या वेळाने "हं" येत होता. सातव्या वेळी ती अडली. मशीन आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे. तिने डोळे मिटले. "आहे," ती म्हणाली.

बारा झाल्यावर त्याने कागद पुढे केला. अकरा बरोबर. सातवं चुकलं होतं.

"सातव्याला मी बटण दाबायचंच विसरलो होतो," वायरमन म्हणाला. "नुसतंच हं म्हटलं. ते धरायचं का?"

"ते धरायचं. आधी बायपास होता तसाच राहिला, म्हणजे मशीन नाही. मी आहे म्हटलं. चुकलं ते चुकलं."

"बाकी मॅडम, खरं सांगू? मला दोन्ही वेळा त्या बाई सारख्याच रागावलेल्या वाटल्या." आणि तो शिडीकडे गेला.

बारापैकी अकरा. ती पुन्हा खुर्चीत बसली आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिने खुर्ची एकदा पूर्ण गोल फिरवून घेतली. कान शाबूत होते. पण शास्त्राची गंमतच ही की एक दार लावलं की दुसरं उघडतं. कान खरे, मशीन बंद, आणि तरी काल तिने फरक ऐकला होता. तर फरक होता. तो कोणी केला? हे तिला आधीच सुचायला हवं होतं. तिने कालची नऊ वाचनं पडद्यावर एकाखाली एक मांडली. आवाजाच्या आकृत्या, एकही बटण न लागलेल्या, जशा आल्या तशा. पहिलं वाचन म्हणजे नुसते सुळके आणि दऱ्या. तिसऱ्यात सुळक्यांची टोकं बोथट झाली होती. सहाव्यात दऱ्या भरत आल्या होत्या. नवव्यात टेकड्या, एकामागून एक, जिथे हव्या तिथे उंच, पण कुठेही कडेलोट नाही. तिने बटण फिरवायचं आणि आवाज बदलायचा, हे खरंच घडलं होतं. फक्त मधे मशीन नव्हतं. काटा बिचारा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला होता.

साडेदहाला अक्का आल्या. त्यांनी या कामासाठी नवा चष्मा केला होता, आणि तो केला हे दिराच्या घरापासून खालच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना सांगूनही झालं होतं. आज तो चष्मा हातातच होता आणि त्या त्याच्या काचा पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"काय गं, फोन आला का त्यांचा? नको म्हणाले?"

"नाही, येताहेत. अक्का, काल वाचताना तुम्ही कशाकडे बघत होता?"

"पुस्तकाकडे. आणखी कशाकडे बघणार?"

"हा काटा दिसतो तुम्हाला आतून?"

अक्का काचेपलीकडच्या छोट्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या, वाकल्या, परत आल्या. "मला त्या पेटीचं बूड दिसतं. वायरींचं भेंडोळं दिसतं. आणि तू दिसतेस."

"मी?"

"चेहरा दिसतो की. समोरच तर बसतेस." त्यांनी चष्मा नाकावर चढवला, जणू दाखवायलाच. "हे बघ, नाटकात तिसऱ्या रांगेतलं एक माणूस धरायचं असतं. ते सावरून बसलं की समजायचं, पोचतंय. त्या दुसऱ्या दोन ठिकाणी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. ऑपरेशनपासून माझा आवाज मलाच कळत नाही गं. हळू बोलतेय की मोठ्याने, कसलाच पत्ता नाही. काल तू समोर होतीस. मी जोरात गेले की तू खालचा ओठ आत घेतेस. लगेच. आणि हळू गेले की मान पुढे काढतेस, कासवासारखी. मान मागे गेली की ठीक. मग मी तेवढ्यातच राहायला लागले."

तिने नकळत ओठावर हात नेला. घरात तिच्या चेहऱ्याची थट्टा होत असे. नवरा म्हणायचा, हिच्या तोंडाकडे बघून लॉटरी लागली की दात दुखतोय हे ओळखणाऱ्याला मी बक्षीस देईन. सासूबाई तर तिला सरळ "आमची भिंत" म्हणायच्या, प्रेमाने. आणि तीही मानत आली होती की तिच्या आत जे काय चालतं ते आतच राहतं. ते एक प्रकारचं घर होतं, दारं लावून घेतलेलं. आता कळत होतं की त्या घराला खिडकी होती आणि एक म्हातारी बाई काल तीन तास तिच्यातून आत बघत होती. तिला लाज वाटली, चाळिशी उलटलेल्या बाईला वाटावी त्यापेक्षा जास्त. आणि लाजेच्या खाली, अगदी लागून, आनंद होता. ओठ लगेच आत जातो आणि हळूहळू बाहेर येतो, तिने मनात नोंद केली: अटॅक, म्हणजे पकड, जलद; रिलीज संथ. मशीनवर तिने नेमके हेच लावले होते.

"अक्का, काल मशीन बंद होतं," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

अक्कांनी चष्म्यावरून त्या पेटीकडे पाहिलं. "म्हणजे ते सगळं मीच केलं?"

"तुम्हीच."

"मशीनने काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बाई गं," अक्का स्टुलावर बसल्या. "मग आज येईल की नाही याची काय खात्री? काल माहीत नव्हतं म्हणून जमलं. तू त्यांना सांगू नकोस. मशीन चांगलं आहे म्हण. लोकांचा मशीनवर विश्वास असतो."

वहीतला कालचा कागद समोर होता. बारा तासांची कादंबरी त्या आकड्यांवर सुरू केली तर पहिल्याच दिवशी इस्त्रीचा रुमाल निघाला असता. बायपास ठेवून आकडे तसेच दाखवले असते तर कोणाला कळलं नसतं. काटाही हलत राहिला असता. ती हे दोन्ही विचार शेवटपर्यंत करून मागे आली. मग तिने कालच्या आकड्यांवर एक सरळ रेघ मारली, खाली "बायपास" लिहिलं आणि आजची तारीख घातली.

मालक अकराला पाच कमी असताना आले. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, घाईत असलेला, पण वाईट नसलेला माणूस. त्यांनी कागद वाचला, पालथा करून मागेही पाहिलं.

"म्हणजे काहीच लावलं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग ताई, तीन तास तुम्ही करत काय होता?"

"ऐकत होते," ती म्हणाली, आणि हे खोटं नव्हतं.

मालक सोफ्यावर टेकले. "मला योगायोगावर बारा तास नाही लावता यायचे. मशीन असतं तर रोज तेच करतं, माणसाचं काय? अक्का, राग मानू नका. दुसरं प्रकरण वाचा आत्ता. नवीन. मी दहा मिनिटं ऐकतो."

अक्का आत गेल्या. तिने काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या क्षणी तिला आपला चेहरा नावाची एक जड वस्तू आपल्याला दिली गेली आहे असं वाटलं. ओठ कुठे ठेवायचा? अक्का वाचू लागल्या. ती ओठ वेळेवर आत घेत होती, मान मोजून पुढे नेत होती, आणि प्रत्येक हालचाल क्षणभर उशिरा होत होती. आवाज काल सकाळच्या पहिल्या वाचनासारखा, वर आणि खाली. सोफ्यावर मालकांनी पाय बदलला. चौथ्या वाक्याला अक्का थांबल्या.

"तू नाटक करतेयस," त्या माइकमधून म्हणाल्या. "मी पन्नास वर्षं केलंय, मला कळतं. असं तोंड करून कोणी बसलं की वाचता येत नाही."

"मग मी काय करू?"

"गोष्ट ऐक की. काल नऊ वेळा वाचली. काय होतं गोष्टीत?"

तिने तोंड उघडलं. गोष्टीत उणे अठरा होतं. श्वास होते, "स"चे शिट्टीसारखे आवाज होते, सातव्या मिनिटाला खुर्ची करकरली होती. सतरा वर्षांत तिने साठ-सत्तर पुस्तकं अशी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकली होती, आणि एकातही कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, तिला सांगता आलं नसतं. "एक बाई आहे," ती चाचरत म्हणाली.

"आहे," अक्का म्हणाल्या. "तिचा भाऊ वीस वर्षांपूर्वी कपाटाला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून निघून गेलाय. काल आपण कुठे थांबलो? कुलूप उघडायला बोलावलेला किल्लीवाला दारात उभा आहे. त्याला आत घ्यायचा की नाही, हे तिचं ठरत नाहीये."

तिने खुर्ची सरकवून घेतली, आता मशीन तिच्या डाव्या खांद्यामागे गेलं. अक्कांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतलं. बाई दार अर्धंच उघडते. किल्लीवाला पायपुसण्यावर बूट पुसत राहतो, गरजेपेक्षा फार जास्त वेळ. बाई त्याला आधी पाणी विचारते, मग बसायला सांगते, मग घरात किती वर्षं झाली ते सांगू लागते. कपाटाचं नाव काढत नाही. कपाटाच्या खोलीत कपडे वाळत घातले होते. तिला ते ओले कपडे दिसले, त्यांच्यामागे कपाट झाकलं जाईल असे मुद्दाम घातलेले, आणि तिला वाटलं, अगं बाई, सांग ना त्याला, तो बिचारा कुठवर बूट पुसणार. किल्लीवाल्याने स्वतःच कपडे बाजूला सारले. कुलपाला कान लावला. अक्कांचा आवाज खाली गेला, पण हरवला नाही. वर आला, पण दाराशी आदळला नाही. कधी आणि कसा, ते तिने पाहिलं नाही. भाऊ लहानपणी त्या कपाटात लपून बसायचा तो भाग आला तेव्हा ती एकदा मोठ्याने हसली, आणि रेकॉर्डिंग चालू असताना आपण हसलो याची तिला धास्तीसुद्धा वाटली नाही, काच जाड होती. कुलूप खट् करून उघडलं. बाई म्हणाली, थांबा, दार मी उघडते. आणि प्रकरण संपलं.

तिने मागे वळून पाहिलं. दहा मिनिटांची अडतीस झाली होती. मालक पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांच्या हातातला फोन कोणाच्या तरी नावाने थरथरत होता आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी तो कापला, उठले, आणि दुसऱ्या वाचणारीला आपण नकार कळवतो, असं तिला दाराशी म्हणाले. "सोमवारपासून रोज तीन तास. आणि ताई, ती खुर्ची तिथून हलवू नका." दार लागलं.

काचेपलीकडे अक्का चष्मा कपाळावर चढवून डोळे चोळत होत्या. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं. तिने मान डोलावली. अक्कांनी दोन्ही हात पुस्तकावर ठेवले आणि तशाच बसून राहिल्या, थोडा वेळ, कोणीच बघत नसल्यासारख्या. तिनेही त्यांना तेवढा वेळ दिला. मग माइकचं बटण दाबलं.

"अक्का, कपाटात काय आहे?"

"सोमवारी," अक्का म्हणाल्या.

"मी वाट नाही बघू शकत."

अक्कांनी तिच्याकडे नीट, निवांतपणे पाहिलं. मग चष्मा खाली ओढला, पेल्यातल्या पाण्याचा एक घोट घेतला आणि पान उलटलं.